तुम्ही मला म्होरं घातलंत

प्रिय अण्णा,

पाय कोमट मिठाच्या पाण्यात घालून लिहून राह्यले. दोन्ही टाचांना फोड आलेत. काल मी एकटीच पिंपळगाव रेणुकाईहून निघून, डोंगर ओलांडून पार घाटाखाली चालत गेल्ते. तुमच्या तेराव्याला आईनं एक गोष्ट सांगितली, तेव्हापासून घरात बसवत न्हाई. तुमच्यावर इतका राग आलाय, अन् बोलायचं कुणाजवळ? गेलेल्या बापावर रागावलेली लेक लोकांना आवडत न्हाई.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी बारा वर्षांची. शाळा बुडवून तुम्ही मला मेंढरांमागं घेतलं. घाटाखाली चारा चांगला आहे, म्हणालात. गावाबाहेर पडल्यावर म्हणालात, "मंगल, आज तू म्होरं. मी मागून येतो." मला आभाळ ठेंगणं झालं, अण्णा. म्होरं चालायचं काम घरातल्या जाणत्याचं. मी "हिर्र यो, हिर्र यो" करत निघाले. माझ्यामागं बांडी, अन् बांडीमागं सगळा कळप. त्या मेंढीला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. माझ्या हाकेशिवाय ती कुणाला जुमानायची न्हाई.

लांब चारायला जायचं तर घोंगडी अन् तवा बरोबर असायचा. त्या दिवशी फडक्यात चार भाकरी अन् ठेचा, बस. मी विचारलं पण, "अण्णा, निजायचं कशावर?"

"सांजच्याला माघारी यायचंय."

"मेंढरं घेऊन?"

"चल जल्दी, ऊन चढायलंय."

आणखी एकदा विचारायला माझी जीभ का रेटली न्हाई?

सागाच्या जंगलात शिरलो, तर वाळक्या पानांच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. तुम्ही मागून ओरडलात, "मोठ्यानं मार!" टेंभुर्णीखाली भाकरी खाल्ली. तुमच्यातली अर्धी तुम्ही मला दिली अन् नुसते बसून राह्यलात. मला वाटलं, दमलात. घाटाच्या तोंडाला बांडी अडली. खाली नुसते धोंडे. मी दोन धोंडे उतरून हाक मारली, अन् आली की माझ्यामागं. वरून तुम्ही म्हणालात, "शाब्बास गं माझी वाघीण." तेवढी मोठी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली न्हाई.

खाली सडकेला ट्रक उभा होता. एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला अन् बांडीच्या पाठीवर पट्टा ओढला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पटका सारखा करत होता. मेंढरं फळीवरून चढंनात, तर तुम्ही मलाच म्हणालात, "मंगल, वर जाऊन एक हाक दे." तोवर मला कळलं होतं, अण्णा. तरी दिली. बाप सांगतोय म्हणून दिली.

एसटीनं माघारी आलो. स्टँडवर तुम्ही जिलेबी घेऊन दिली अन् मी ती खाल्ली. त्या जिलेबीची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर मी कधी हाक मारली न्हाई. मेंढरं का विकली, ते मोठेपणी समजलं. चारायला रान उरलं न्हाई, तुमचे गुडघे गेले, तुम्ही जालन्याला एमआयडीसीत वॉचमन झालात. त्यावर माझं काही म्हणणं न्हाई. मला वाटायचं, मी त्या दिवशी सहज बरोबर होते. तेराव्याला आई भांडी आवरता आवरता बोलून गेली, "तुझ्याबिगर घाट उतरतच नव्हती मेंढरं. दोनदा माघारी आणली त्यांनी. मंग म्हणले, पोरीला नेतो."

म्हणजे ठरवून नेलंत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस होता तो, अन् तो खोटा निघाला. एक शब्द सांगायचा होता. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण तुमच्यासाठी आले असते. एवढाही भरवसा नव्हता का माझ्यावर?

दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी तुम्ही म्हणालात, "मंगल, बांडीला हाक मार की एकदा." मी म्हणाले, "आता येत न्हाई मला." तुम्ही भिंतीकडं तोंड केलं. येत होती, अण्णा. पार ओठावर आली होती. तुम्ही माफी मागत होता का तेव्हा? मंग सरळ मागायची ना.

काल घाटाच्या तोंडाला उभी राहून हाक मारली. पहिली नुसतीच चिरकली. दुसरी बराबर निघाली. खाली एकाचा कळप चरत होता, त्यातली पाच-सहा मेंढरं माना वर करून माझ्याकडं चढायला लागली. तो खालून ओरडला, "ओ ताई, माझी मेंढरं फितवता काय?"

मी म्हणाले, "माझ्या वडलांसाठी मारली, भाऊ. ते गेले."

मंग तो मेंढरं वळवत म्हणाला, "मंग आणखी एक मारा. मी यांना धरून ठेवतो."

मारली. रडत रडत मारली.

राग गेला न्हाई, एवढ्यात जाणारही न्हाई. पण एक शब्द देते. माझी लेक पुढच्या साली बारा वर्षांची होईल. तिला ही हाक शिकवीन. त्याच वाटेनं घाटावर नेईन, अन् तिलाच म्होरं घालीन. फक्त निघायच्या आधी, घराच्या उंबऱ्यावरच, कुठं चाललोय ते तिला सांगीन.

तुमच्या म्होरं चाललेली,
तुमचीच मंगल