पॉलिथिनखालची ओल

३ फेब्रु., मंगळ.
काँक्रीट आतून कधी सुकतं? बी.ई. सिव्हिल मी, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि आज हेच मला डॉक्टर मॅडमनी विचारलं. "वरून तर सुकलंय ना?" वरून हो. आतलं माहीत नाही, म्हटलं.
त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, विजय नगर, तळमजला. १५ला उद्घाटन. वर चिकटवायच्या विनाइल प्लँकचे, प्लास्टिकच्या पट्ट्यांचे, खोके आलेसुद्धा. खालचा काँक्रीटचा कोबा बाबांच्या हातचा, ते मिस्त्री. मी ज्यांच्याकडे साइट इंजिनिअर, त्या कॉन्ट्रॅक्टर सरांना मीच म्हटलं होतं, एकदा माझ्या बाबांना काम देऊन बघा. आमच्या वस्तीबाहेरचं, परदेशीपुऱ्याबाहेरचं, त्यांचं पहिलं मोठं काम.

४ फेब्रु.
लांब पट्टी ठेवून सगळं तपासलं. कुठे खड्डा नाही, उंचवटा नाही. घासायला ग्राइंडर लागणारच नाही. बाबांचा हात!
धूळ काढून तीन ठिकाणी पॉलिथिन चिकटवलं, चारी कडा टेपनं बंद. आत ओल असेल तर उद्या दिसेल. घरी बाबा म्हणाले, "काय गं, फरशीला ताप आलाय का?" आई हसली. मला हसू येईना.

५ फेब्रु.
दोन ठिकाणी थेंब, खालचा कोबा काळपट. दारापाशी, उन्हात, कोरडं.
रिपोर्टाबद्दल सर : "दरवाज़े वाला फोटो लगा दे, बाकी हटा." मग हसून, "अरे यार, बाप का फर्श बेटी ही फेल करेगी?" आणि लगेच, पुढची साइटही बाबांनाच देऊ. लगेच का बोलले ते कळलं.
प्लँक गोंदावर बसतात. खालून ओल आली की गोंद सुटणार, कडा वर येणार. आणि तिथे वॉकर घेऊन माणसं चालणार.

६ फेब्रु.
डिसेंबरात कोबा घातल्यावर दहाच दिवस तराई ठरली होती, रोज पाणी मारायचं नि मग बंद. तरी इतकी ओल? बाबांना विचारलं. "संक्रांतीपर्यंत मारलं पाणी. रोज सकाळी सायकलवर जायचो." का पण? "तुझं नाव होतं त्या कामावर. पक्कं नको व्हायला?"
पक्कं झालंय. टवका उडणार नाही. आता यांना कसं

७ फेब्रु.
रिपोर्ट लिहिला. कारण : थंडी. खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं.
दारापाशीचं पॉलिथिन आत सावलीत लावून आले.

८ फेब्रु., रवि.
तेही ओलं.
बाबांना सांगितलं. पोह्यांची बशी खाली ठेवली त्यांनी. "म्हणजे मी बिघडवलं." वर टाइल्स लागणार असं धरून चालले होते. टाइल्सला जास्त तराई चांगलीच. विनाइल लागणार हे त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. साइटवर सांगायचं काम माझं होतं. रोज घरी एका ताटात जेवतो आम्ही, आणि मी
बाबा सायकल काढून गेले.

९ फेब्रु., सोम.
सरांना विचारलं नाही. रिपोर्ट सकाळीच दोघांना पाठवला, सर आणि डॉक्टर मॅडम. सगळे फोटो. "प्लँक आत्ता बसवू नयेत. तराई ठरल्याहून जास्त झाली, कारण वर विनाइल येणार हे मिस्त्रींना कळवलेलं नव्हतं. कळवण्याची जबाबदारी साइट इंजिनिअरची." खाली माझी सही.
मग साइटवर गेले, सगळ्या खिडक्या उघडल्या, पॉलिथिनचा नवा तुकडा चिकटवून आले. फोन वाजतोय. सर.