तळ्याचा समतोल

७ नोव्हेंबर २००४
दिघाशीच्या गावतळ्यावर डास फार. ग्रामपंचायत पावडर मारते, डास मरत नाहीत. मी नववीला विज्ञान शिकवतो, तेव्हा उपाय मलाच सुचणार. भिवंडीच्या बाजारातून जिवंत चिलापी मासे आणले, आंघोळीच्या बादलीत. चिलापी अळ्या खातात. संध्याकाळी तळ्यात सोडले. कुणाला सांगितलं नाही. रिझल्ट दिसला की सांगावं. बायकोनं, निशानं, बादलीचा वास घेतला. प्रयोग आहे, म्हणालो.

२० फेब्रुवारी २००५
तळ्याच्या कडेला पिल्लंच पिल्लं. वर्गात संख्यावाढीचा आलेख काढला. आधी सपाट, मग एकदम उभा. अन्न संपलं की पुन्हा आडवा. तळ्याचं उदाहरण आठवलं. दिलं नाही.
डास आहेत.

१५ मे २००५
आज गाव तळ्यात उतरला. होळीपासून मासे धरायला बंदी असते. मग वैशाखात एक दिवस सगळे मिळून. पहिलं जाळं ठमाबाईचं. तिचा नवरा तळ्याचा गाळ काढताना दगावला, तेव्हापासून हा मान तिचा. तिचं जाळं पडल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालत नाही. त्यातल्या मरळ-शिंगट्या विकून ती पावसाआधी घर शाकारते.
यंदा जाळ्यात बहुतेक बोटाएवढे चिलापी. हा कचरा कुणी टाकला, असं ती म्हणाली. मी चष्मा पुसला. घर अर्धंच शाकारून होणार, उरलेल्यावर प्लास्टिक.
पुढच्या वर्षीपर्यंत सगळं ठीक करायचं. नक्की.

१२ जून २००५
पुस्तकात आहे: भक्ष्य फार झालं तर भक्षक हवा. मग दोघं एकमेकांना आवरतात. मासे खाणारे मासे, सहा मांगूर, आणले. सरकारची त्यांच्यावर बंदी आहे म्हणे, म्हणून विकणाऱ्यानं दोन पिशव्यांत घालून दिले. बंदी धंद्याला असेल. शिक्षणाला नसावी.

३ ऑगस्ट २००५
गेल्या आठवड्याच्या पुरात तळं काठ सोडून शेतात गेलं. मांगूर, चिलापी, सगळे खाडीला लागले असणार. प्रयोग निसर्गानंच आवरता घेतला. हलकं वाटलं. निशानं विचारलं, तुमचे तेवढेच कसे वाहून गेले? म्हणालो, बाहेरच्या जाती इथे मूळ धरत नाहीत. माशांना मुळं नसतात, हे नंतर लक्षात आलं.

१९ फेब्रुवारी २००६
तळ्यावर बदकाची पिल्लं होती, ती दिसत नाहीत. शेजारच्या चांगदेवचा कुत्रा असावा.
एक मांगूर दिसला. एकट्यानं संख्या वाढत नाही.
(संध्याकाळी) दुसरा दिसला. दोन्ही नर असू शकतात.
सरपंच भाऊंना होळीला सगळं सांगायचं ठरवलं.

१६ मार्च २००६
होळी झाली. भाऊंकडे पाहुणे होते. पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं.

१४ मे २००६
ठमाबाईचं जाळं पडलं. तीन मांगूर आले, हातभर, मिशांचे. दुसरं काही नाही. मग गावानं दिवसभर पाणी ढवळलं. मांगूरच. मरळ नाही, शिंगटी नाही. चिलापीही नाहीत. म्हणजे तेवढा भाग यशस्वी.
ठमाबाई टोपली घेऊन बाजारात गेली आणि भरली टोपली घेऊन परत आली. तिची गिऱ्हाइकं मांगूर घेत नाहीत. घाणीवर वाढतो म्हणतात. घरावर गेल्या वर्षीचं प्लास्टिक तसंच आहे.
जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

२१ मे २००६
देवळात सभा. केसरीनाथ म्हणाला, बंदीत कुणीतरी चोरून तळं साफ केलंय, आणि काठाला घर एकाच बाईचं हाय. ठमाबाई मान खाली घालून बसली. भाऊ म्हणाले, गुरुजी, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.
आज सांगायचंच होतं. उभा राहिलो. अन्नसाखळीपासून सुरुवात केली. एक जीव कमी झाला तरी सगळी साखळी तुटते, इथपर्यंत आलो. पुढचं वाक्य माझ्याबद्दल होतं. तेवढ्यात टाळ्या पडल्या. बसलो.
ठराव झाला: ठमाबाईचा मान बंद. पुढच्या वर्षी पहिलं जाळं गुरुजींचं. मी नको म्हणालो. भाऊ म्हणाले, हा तुमचा मोठेपणा.

२८ मे २००६
सकाळी ठमाबाई आली. ओटीवर या म्हटलं, पायरीवरच बसली. पदराचं टोक चुरगळत होती.
"गुरुजी, कोनाला सांगू नका. सून बालंतीन व्हती, तिचे तोंडाला चव न्हवती. चैतान मी येक शिंगटी काढली. येकच."
मी म्हणालो, काकू, एका माशानं काही होत नाही.
"आसं कसं? तुमीच बोललाव ना सभेन, येक जीव कमी झाला का सगली साखली तुटते."
निशा दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहत होती. मी काहीतरी शास्त्रीय शोधत होतो.
"जाऊ द्या," मी म्हणालो. "मी माफ केलं."
ठमाबाई पाया पडली. पाय मागे घ्यायचे राहून गेले.