टाकीतले मासे

१४ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. जेवण वेळेवर घेतोस ना? इथे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण गच्चीचा जिना चढायचं काही सोडत नाहीत.

हो, नवलाची गोष्ट म्हणजे गच्चीवरच्या आपल्या टाकीत आता गप्पी मासे आहेत. बाबांनी स्वतः आणून सोडले! गेल्या वर्षी तू आणलेस, तेव्हा "घर आहे की तळं?" म्हणत त्यांनीच ते गटारात ओतले होते आणि तू बॅग भरून घर सोडलंस. आता तेच बादली घेऊन दारोदार फिरतात. "डासाची अळी दिसली की मटकावतात बघा," असं समजावतात. लोक ऐकून घेतात, पण या, बसा म्हणत नाहीत.

सगळं ठीक आहे असं लिहिलं खरं. तसं नाहीये रे.

गेल्या महिन्यात इमारतीत डेंग्यू पसरला. आरोग्य खात्याच्या बाई आल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी आपल्या टाकीचं झाकण उचललं, तर पाणी अळ्यांनी नुसतं वळवळत होतं. तोवर खालच्या मजल्यावर तुझा जिवलग दोस्त चष्मिष तापाने फणफणला होता. "त्याला कळवू नकोस ताई, बरा झालो की मीच फोन करतो," म्हणाला.

तो गेला, धाकट्या. दवाखान्यात मी होते. फोन कितीदा हातात घेतला आणि परत ठेवला, म्हणून हे पत्र.

बाबांनी बाईंना विचारलं, "आमच्याच टाकीतला डास होता का?"

"आजोबा, डास कुठून उडाला ते कोण सांगणार?"

ना हो, ना नाही. तेच त्यांना आतून खातंय.

त्याच्या आईच्या पिंपातले मासे बघायला बाबा रोज जातात. ती दार उघडते, बोलत नाही. काल मात्र म्हणाली, "धाकट्याला सांगितलंत?" बाबा तसेच वर आले. "तू लिही," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तू ये. तुझा राग खोटा नाही. पण 'मी सांगितलं होतं' एवढं मात्र बोलू नकोस. ते बाबांनी स्वतःला हजारदा ऐकवलंय. आधी खाली त्याच्या आईकडे जा, हवं तितकं रड. मग वर येववलं तर ये. नाही येववलं तर मी खाली येईन.

तुम्हा दोघांच्या मध्ये उभी असलेली,
तुझी ताई