आरशात पाहून लावलेल्या वायरी

तीर्थरूप मामांना भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (मामी म्हणते, एरवी ठणठणीत असतो, बाजारात जायचं निघालं की दुखतो.) आधी एवढं सांगतो की माझी नोकरी कायम झाली. म्हणजे पुढचं तुम्ही निदान शांतपणे वाचाल.

आमच्या रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मॉनिटरचं (हेडफोनांत आवाज पोचवणारं) नवं खोकं आलं आणि ते भिंतीलगतच्या रॅकमध्ये बसवलं. समोरून दिसायला गरीब; मागे मात्र सॉकेटं आणि बारीक स्विचांची ही गर्दी. तुम्ही असता तर रॅक पुढे ओढून मागे गेला असतात. पण आमच्याकडे रॅक हलवला की भिंतीचा रंग निघतो आणि रंग निघाला की केंद्रप्रमुखसाहेब भडकतात. म्हणून आम्ही सगळेच फटीत आरसा धरतो आणि हात घालून चाचपडत काम उरकतो. मीही तेच केलं. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे डावीकडून मोजत वायरी खोचल्या, स्विच सरकवले. आरशात डावं ते उजवं दिसतं, हे रोज दाढी करणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये, यापरतं दुर्दैव कोणतं!

त्याच दिवशी साहेबांचं थेट प्रक्षेपित होणारं भाषण होतं. माझा कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. दोन वर्षं हंगामी राहून आईला दर महिन्याला ‘होईल गं’ सांगून मी थकलो होतो. साहेब कानांना हेडफोन लावून बोलायला बसले ते उठेचनात. मी कंट्रोल रूममध्ये जोडीदाराला म्हणालो, “यांना बंद करायचा स्विच मागे कुठे आहे का, बघ जरा.” आणखीही बरंच बोललो, ते मामीसमोर लिहिण्यासारखं नाही. मग नजर टॉकबॅकच्या लाल दिव्यावर गेली. (आपण बोलतो ते स्टुडिओतल्या हेडफोनमध्ये पोचवतो तो.) दिवा पेटलेला! एक स्विच उलटा पडल्यामुळे तो पहिल्यापासून चालूच होता. काचेपलीकडे साहेब गंभीरपणे मान डोलावत होते.

भाषण संपल्यावर त्यांनी बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत गेलो. साहेब म्हणाले, “आज हेडफोनमध्ये आवाज कसा स्वच्छ होता!” आणि सही केली. मी पळत जाऊन पाहिलं, तर हेडफोनची वायरही भलत्याच सॉकेटात. त्यात खुट्ट वाजत नव्हतं. पण आपल्याला काही ऐकू येत नाही, हे साहेब जन्मात कबूल करायचे नाहीत. मामा, माझा जीव भांड्यात पडला. घरी कागद दाखवला तेव्हा आई रडली, आणि मीही.

तुमचा भाचा

ता. क. साहेबांचा हुकूम आहे की सगळ्या स्टुडिओंत हुबेहूब अशीच जोडणी करायची. आता सरळ जोडू की उलटी? आईला भेटायच्या निमित्ताने ताबडतोब या.

ता. क. २ यावंच लागेल. ही जोडणी कुणाकडे शिकलास, असं साहेबांनी विचारलं आणि घाबरून मी तुमचं नाव सांगितलं. ते स्वतः तुमची मुलाखत घेणार आहेत. त्याच स्टुडिओत, हेडफोन लावून. तुम्ही नुसती मान डोलवा.