रिपोर्टवरचं नाव

प्रिय सई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून आधी कपाळाला आठ्या घालशील, मग दार लावून वाचशील. तुझा नंबर अजून पाठ आहे, पण फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून कागद.

आधी बातमी. तळोज्याच्या एका छोट्या कंपनीत मी ड्रॉइंग काढत होतो, विमानातल्या सीटखाली लागणाऱ्या ब्रॅकेटची. आता तिथल्या उदयसिंह सरांनी मला स्ट्रेसच्या कामावर घेतलंय. म्हणजे भाग बनायच्या आधीच हिशेबानं सांगायचं, हा एवढा जोर सोसेल की मोडेल. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे तू ईमान चालवनार हाय?" नाय आये, म्हटलं, मोडेल कुठं ते सांगणार. "असला अभद्र काम कनाला?" म्हणाली आणि कालवण जास्त वाढलं.

पहिलंच ब्रॅकेट मी असं केलं की त्याला हत्ती टांगा. छाती काढून सरांपुढं ठेवलं. त्यांनी आकडे बघितले, मग माझ्याकडं. "पूल बांधतोयस का रे? लागतं त्याच्या चौपट जाड केलंयस. हे वजन घेऊन उडायचं कुणी?" डोकं सणकलं. तुझ्या ओळखीचा जीवन फाइल आपटून जिना उतरला असता. उतरलोच होतो, खोटं कशाला सांगू, पार रिक्षा स्टँडपर्यंत. तिथं उभ्याउभ्या कळलं की सर बरोबर आहेत, आणि ते जास्त झोंबलं. परत गेलो. जिथं जोर येतो तिथं धातू ठेवला, बाकी तासून काढला. सरांनी आकडे बघितले आणि दोन चहा मागवले. मी चांगला आहे या कामात, सई. हे फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनं.

पण रिपोर्टवर नाव सरांचं जातं. डिग्री नसलेल्याची सही तिथं चालत नाही. सर म्हणाले, "अर्धवट सोडलंस ते पुरं कर. सकाळी कॉलेज, दुपारी इथं. नाहीतर जन्मभर माझ्या नावाखाली हिशेब करशील." मी कॉलेज सोडलं तेव्हा एसटी स्टँडवर तूही हेच म्हणाली होतीस, जरा जास्त मोठ्यानं, भेळवाला हातातलं काम सोडून बघत होता. पण व्हायवात, भर तोंडी परीक्षेत, आईच्या मासळीच्या टोपलीवरून सगळ्यांना हसवणाऱ्या माणसापुढं मी पुन्हा उभा राहणार नव्हतो. आजही राहणार नाही. ते रिटायर झालेत, चौकशी केली.

तर, तिसऱ्या वर्षाला परत प्रवेश मिळालाय. काल बोर्डावर वेळापत्रक लागलं होतं. मशीन डिझाइनपुढं शिकवणारी म्हणून तुझं नाव. कंपनीतला केतन म्हणाला, दुसरी तुकडी माग, फजिती टळेल. नाही मागणार. शिकवता शिकवता अचानक मी दिसून तू अडखळू नयेस, म्हणून हे पत्र. माझ्यासाठी वर्ग बदलू नकोस. अर्धा मार्कही दया म्हणून देऊ नकोस, दिलास तर तिथंच भांडेन. डिग्री हातात येईपर्यंत फोन नाही, पत्र नाही, गेटवर वाट बघणं नाही. सोमवारी सकाळी तुझ्या पहिल्या तासाला हजेरीत नाव आलं की 'येस मॅडम' म्हणेन, सरळ चेहऱ्यानं, आरशासमोर जमवलंय. मग एक दिवस कामोठ्याला येईन, तुझ्या बाबांसमोर बसायला. तोवर तुझं लग्न ठरलं तर… ठरू देऊ नकोस.

सोमवार सकाळपर्यंत तुझाच,
जीवन