उलट बाजूचे बाण

३ ऑक्टोबर, शुक्रवार

एकसष्टावा बाण आज संपला! पाणचक्कीजवळच्या दगडावर, गुडघाभर उंचीवर. पिवळाधमक. कडा अशी की बघत राहावं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण असा हात एकदाही बसला नव्हता.

आता मार्ग तयार. चोवीस किलोमीटरचा फेरा. जुन्या वेशीपासून निघायचं, टेहळणीच्या बुरुजाचा चढ चढायचा, मग जंगलातून खाली पाणचक्कीकडे. तिथून तीन कमानींचा दगडी पूल, पडका जकात नाका, आणि कालव्याच्या काठाने परत वेशीशी. रमतगमत सायकल मारणाऱ्यांसाठी सरकारी पुस्तिका छापली जाणार आहे, तिच्यात दहा मार्ग. नऊ ठरलेत. दहावा माझा!

अट एकच — साठी उलटलेल्या नवशिक्यालाही कुठे न उतरता पुरा करता आला पाहिजे. मग येईल की! मी सहासष्टाचा आहे. मी कुठे उतरतो?

५ ऑक्टोबर, रविवार

आमच्या सायकल मंडळाचे चिटणीस घरी आले होते. नकाशा बघून म्हणाले, "तुम्ही म्हणजे कमाल आहात!" खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटलं.

मग म्हणाले, वहिनी नाही का येत सायकलवर? मी त्यांना तो किस्सा सांगितला. लग्नानंतर वर्षभरात हिला मैदानात सायकल शिकवायला घेतली होती. मी सीट धरून मागे धावतोय, भाऊ-भावजया कडेला उभे. मी हात सोडला. ही थेट गवताच्या गंजीत! वर फक्त पाय! मी इतका हसलो की खालीच बसलो. त्याला आता चौतीस वर्षं झाली, बाईसाहेबांनी पुन्हा सायकलला हात लावलेला नाही. चिटणीसही पोट धरून हसले. हा किस्सा कधी वाया जात नाही.

बायको कप उचलून आत गेली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मंगळवारी आणि शुक्रवारी मी मंडळात नकाशा काढायला बसतो. तेव्हा ती कालव्यापलीकडे बहिणीकडे जाते. एरवी बाराला घरी असते. आज तीन वाजले! चहा माझा मलाच करावा लागला.

म्हणाली, "रस्ता चुकले."

वीस वर्षं बहिणीकडे जातेय आणि रस्ता चुकली! मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीही बाण काढू का?" ती ओट्याकडे वळली. केसांत वाळकं पान अडकलं होतं. मी सांगितल्यावर काढलं आणि ओट्यावर ठेवून जरा वेळ बघत बसली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मुलीची जुनी लाल सायकल शेडमध्ये पडून आहे. सहज चाक दाबून पाहिलं — दगड! गेल्या वर्षी मी भरलेली हवा. भरावी तर अशी!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हिचे गुडघे दुखायचे थांबलेत. जिना न थांबता चढते. रोज चालत जा, हा सल्ला कुणाचा? माझा. डॉक्टरांनी सहा महिने गोळ्या दिल्या, काही झालं नाही. मुलीला फोनवर हे सांगितलं तर नुसती हसत सुटली. म्हणे, "हो बाबा, तुमचाच सल्ला."

१९ ऑक्टोबर, रविवार

पाहणी झाली. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

दोन परीक्षक. एक उंच गृहस्थ, गुडघ्याला पट्टा बांधलेले, आणि एक बाई, हातात वही. बुरुजाच्या चढावर निम्म्यातच गृहस्थ उतरले. थोड्या वेळाने बाईही. मी वर जाऊन उभा! वरून ओरडलो, "या या, थोडंच राहिलंय!" थोडं म्हणजे दीड किलोमीटर होतं, पण उत्साह द्यायला नको?

दोघे वर आलेच नाहीत. खाली उतरून कालव्याच्या बाजूने आत शिरले — म्हणजे माझ्या मार्गाच्या उलट. आणि चुकले! तासाभराने विटांच्या जुन्या भट्टीपाशी सापडले.

बाई म्हणाल्या, "बाण फक्त एका बाजूनेच दिसतात. उलटं येणाऱ्याने काय करायचं?"

मी म्हटलं, "उलटं कोण येतंय?"

"येतात," त्या म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

निकाल: चढ फार, आराम नाही, खुणा अपुऱ्या. तीन आठवड्यांत सुधारणा करा, नाहीतर दहावी जागा दुसऱ्या मार्गाला. अपुऱ्या! एकसष्ट बाण! ज्यांना चढ चढवत नाही त्यांनी मला बाण शिकवायचे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

२० ऑक्टोबर, सोमवार

मुलीचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, पडलो तरी नाक वर!" आईला दे म्हणाली. मग दोघी अर्धा तास कुजबुजत होत्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पिवळ्या रंगाचा डबा निम्म्यावर आलाय. झाकण नीट न लावल्याचा परिणाम, रंग सुकून बसतो. पण झाकण मी कधी सैल लावत नाही. चाळीस वर्षांत नाही.

हिच्या अंगठ्याला पिवळं लागलं होतं. म्हटलं काय गं हे? म्हणाली बहिणीचं फाटक रंगवतेय. बरं आहे. रंगाऱ्याच्या बायकोला इतकं तरी यायला हवं. ब्रश अंगाकडे नाही, अंगापासून दूर ओढायचा, हे मी तिला करून दाखवलं. नीट बघून घेतलं तिने. दोनदा करून बघितलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

चिटणीस म्हणतात, दगडांच्या मागच्या बाजूनेही बाण रंगवा, एका दिवसाचं काम. मी नाही म्हणालो. माझ्याच मार्गावर मी उलटा जाणार नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

झोप नीट लागत नाही. आरशासमोर दाढी करताना बायकोला म्हटलं, गेला वाटतं दहावा मार्ग. ती म्हणाली, "अहो, एकदा उलटे जाऊन तर बघा." एवढंच. पण अशा आवाजात, की जणू तिला काही माहीत आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो. उलटा. डबा-ब्रश घेऊन.

काय सापडलं ते नीट लिहितो. पहिला दगड कालव्याच्या फाटकाशी. मागे जाऊन बसलो, डबा उघडला, आणि बघतो तर बाण आहे! माझाच पिवळा रंग. पण हात माझा नाही. टोक बोजड, शेपूट वाकडी, रंग ओघळलेला. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावरही. कुणी केला हा आगाऊपणा? संताप आला. खरवडून काढायला पटाशी बाहेर काढली.

पण पुढे जात राहिलो. जकात नाक्याजवळ ओघळ थांबले. दगडी पुलावर शेपूट सरळ झाली. पाणचक्कीच्या दगडावरचा बाण बघून मी सायकलवरून उतरलो — कडा धरलेली होती. ब्रश अंगापासून दूर ओढलेला! जंगलात तर पाठचा आणि पुढचा बाण, कुठला माझा हे मला वाकून बघावं लागलं. एक माणूस शिकत शिकत चोवीस किलोमीटर गेला आहे, आणि ते सगळं दगडांवर लिहिलेलं आहे.

पटाशी पिशवीत ठेवली. एकसष्टच्या एकसष्ट होते. मला एकही रंगवावा लागला नाही.

आणखी एक. या बाजूने बुरूज कधी आला तेच कळलं नाही. झाडांच्या सावलीतून वाट हळूहळू वर जाते, ऊन पाठीवर, पाणचक्कीचा आवाज बराच वेळ सोबत. मार्ग आखायला घेतल्यापासून दीड वर्ष मी मंडळातल्या लोकांना उभ्या चढावर चढवत होतो. छाती काढून! चढायला खरी वाट ही होती. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

चिटणिसांना विचारलं, तुम्ही काढलेत? ते म्हणाले, मला तर साधी रेघ सरळ मारता येत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळात दिवसभर एकटाच. चिटणीस कुठेतरी गायब. हीसुद्धा उशिरा आली, गाल लाल, आणि मुलीला फोन करून दार लावून बोलली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र आलं. मार्ग मंजूर! दहावा! पण दिशा उलटी — कालव्याकडून सुरुवात, बुरूज शेवटी.

पत्र पुन्हा वाचलं. "दि. ७ रोजी दुसरी पाहणी झाली. साठी उलटलेल्या नवशिक्या सायकलस्वाराने, वय बासष्ट, सायकलचा सराव आठ महिने, संपूर्ण फेरा कुठेही न उतरता पुरा केला. सोबत नोंदपत्र." नोंदपत्र उलगडलं. खाली सही. आडनाव माझं.

खुर्चीत बसलो. लाल सायकलची हवा. गुडघे. केसांतलं पान — त्या दिवशी ती माझ्याच जंगलात तीन तास चुकली होती, माझ्याच बाणांच्या पाठी बघत! आणि मी चहाचा विचार करत होतो. अख्ख्या जिल्ह्याला वाट दाखवायला निघालेला माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ती आत काहीतरी निवडत बसली होती. पत्र समोर धरलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाली, "आवडलं का? शेवटचे वीस बाण चांगले आलेत, नाही?"

म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिने हातातलं काम थांबवलं नाही. "तुम्ही हसला असता."

समोर बसून मीही निवडायला घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चिटणिसांना सांगून आलो, पुस्तिकेत मार्ग आखणाऱ्याच्या नावापुढे "आणि" छापा, आणि तिचं नाव घाला. ते म्हणाले, आधी कुणाचं? म्हटलं, तिचं. बासष्टाव्या वर्षी, आठ महिन्यांत, न उतरता! रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. पानवाल्याला, शिंप्याला, बँकेतल्या मुलीला. शिंपी म्हणाला, "काका, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय." चौथ्यांदाही सांगेन. मार्ग मंजूर झाला तेव्हा छाती फुगली होती, पण ही अशी नाही. हे वेगळंच काहीतरी आहे.

गंजीचा किस्सा मात्र आज कुणाला सांगितला नाही. दोनदा जिभेवर आला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्घाटनाची फेरी झाली. चाळीस जण. लाल सायकलवर ती सगळ्यांच्या पुढे, मी शेवटी, कुणी मागे राहू नये म्हणून. बुरुजापर्यंत नीट वागलो. मग तो उतार बघून राहवलं नाही. दोन्ही ब्रेक दाबत ती सावकाश चालली होती — मी ब्रेक सोडले, सगळ्यांना मागे टाकलं, तिलाही. वळणावर ओली पानं. थेट झुडपात! वर फक्त पाय.

चाळीस माणसं हसली. चिटणीस तर खालीच बसले.

ती सायकलवरून उतरली. या मार्गावर पहिल्यांदाच. माझं हँडल सरळ केलं, केसांतलं पान काढलं, विचारलं, "लागलं का हो?"

ती हसली नाही.