आईची गोष्ट सभेत

सन्माननीय दादा,

काल टीव्हीवर तुझी सभा पाहिली. बँकेनं बारीक अक्षरांतल्या अटींवर आईचं घर लाटलं, तेव्हाच कायद्याची प्राध्यापकी सोडून ग्राहकांसाठी लढायचं ठरवलं, असं तू रडत सांगितलंस. लोकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं टीव्हीच बंद केला.

घर गेलं त्या वेळी तिनं तुलाच फोन केला होता. "सही करण्याआधी वाचायचं असतं, आई," एवढं बोलून तू तासाला निघून गेलास. सामान मी एकटीनं हलवलं.

असल्या अटींविरुद्ध तू आणलेला कायदा चांगला आहे. शेजारणीचं घर त्यानंच वाचलं. म्हणून मत तुलाच देईन. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. नाहीतर पुढच्या सभेत तेही रडत वाचून दाखवशील.

तुझ्या भाषणात कधीच नसलेली,
धाकटी